डागाळलेल्या स्वेटरवर भरतकाम करताय? या चुका टाळा

दिवाळीनंतर नाशिकला गारठा सुटतो, पेटीतले स्वेटर बाहेर निघतात आणि ठेवताना अगदी स्वच्छ वाटलेल्या स्वेटरवर तपकिरी ठिपके दिसतात. बहुतेकदा तो मागच्या मोसमातल्या द्राक्षांचा रस असतो. गोड रस सुकला की दिसेनासा होतो, पण महिनोन्‌महिने कपाटात राहिला की हवेने तपकिरी पडतो. भरतकामाने असा स्वेटर छान वाचतो. मात्र साडीवरची पद्धत स्वेटरवर जशीच्या तशी चालत नाही. स्वेटर ताणला जातो, भरतकामाचा दोरा ताणत नाही. खालच्या बहुतेक चुकांचं मूळ तिथेच आहे.

डाग न धुता त्यावर टाके घालणं

ही सगळ्यात महाग पडणारी चूक. अन्नाचा अंश राहिलेल्या लोकरीला कसर आधी लागते. वरून सुंदर फूल आणि वर्षभरात फुलाखाली भोक, असा प्रकार होतो. डाग पूर्ण गेला नाही तरी चालेल, पण त्यातलं तेल आणि साखर गेलीच पाहिजे.

मिसळीच्या तर्रीच्या डागात तेल आणि हळद एकत्र असतात. आधी तेल काढा: भांडी घासायच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब डागावर, दहा मिनिटं तसंच, मग थंड किंवा जेमतेम कोमट पाणी. साबण लागताच हळदीचा डाग लालभडक होतो आणि माणूस घाबरून घासायला लागतो. घासू नका. हळदीचा रंग साबणाच्या क्षारामुळे लाल होतो, साबण निघून गेला की परत पिवळा दिसतो. उरलेला पिवळेपणा उन्हाने उतरतो. दोन-तीन दिवस डाग उन्हात ठेवा, पण बाकीच्या स्वेटरवर जुनी ओढणी टाका, नाहीतर स्वेटरचाच रंग उडेल.

काळ्या द्राक्षाचा डाग साबणाने निळसर-करडा होतो. त्याला आधी एक कप पाण्यात एक चमचा व्हिनेगर घालून टिपा, साबण नंतर.

लोकरीवर ब्लीच अजिबात नको, तंतू विरघळतो. गरम पाणीही नको, आणि डाग असताना इस्त्री तर नकोच. स्वेटर लोकरीचा की अ‍ॅक्रेलिकचा, हे आतल्या शिवणीतला एक धागा चिमट्यात धरून, पाण्याच्या वाटीवर जाळून कळतं. लोकरीला जळक्या केसांचा वास येतो आणि राख बोटांनी चुरते. अ‍ॅक्रेलिक वितळतं आणि त्याची कडक काळी गुठळी होते.

रिंगमध्ये ताणून बसवणं

साडी रिंगमध्ये ढोलकीसारखी ताणतात, तशी सवय हाताला असते. स्वेटर तसा ताणला तर भरताना नक्षी सपाट दिसते, रिंग काढल्यावर वीण मूळ जागी येते आणि नक्षीभोवती चुण्या पडतात. त्या इस्त्रीने जात नाहीत. कापड फक्त सैल धरून ठेवण्यापुरतीच रिंग लावा आणि काम थांबलं की काढा. रात्रभर राहिली तर गोल वळ उठतो. जाड हातविणीच्या स्वेटरला तर रिंगच नको.

टी-शर्टच्या होजिअरीला मागून आधार हवा. बुकरम नको, घातल्यावर छातीवर पुठ्ठा लावल्यासारखं वाटतं. जुन्या मलमलीचा तुकडा नक्षीपेक्षा बोटभर मोठा कापून मागे कच्च्या धावदोऱ्याने टाचा आणि काम झाल्यावर टाक्यांच्या कडेने कापून टाका.

सुई आणि दोरा

टोकदार सुई लोकरीचा धागा चिरते आणि मग तिथून वीण सुटत जाते. स्वेटरला बोथट टोकाची, मोठ्या नेढ्याची सुई घ्या, ती धाग्यांच्या मधून वाट काढते. टी-शर्टला मात्र बारीक भरतकामाची सुईच लागते. दोरा हातभर, साधारण 45 सेंटीमीटर, त्याहून लांब घेतला तर घासून त्याला केस सुटतात. लाल-मरून लडी वापरण्याआधी तुकडा कोमट पाण्यात भिजवून पांढऱ्या कापडात दाबून रंग सुटतो का ते पाहा.

सुरुवातीला गाठ मारू नका. ती विणीच्या भोकातून वर येते. तीन-चार इंच शेपूट मागे सोडा आणि शेवटी टाक्यांखालून ओवून टाका.

चुकीच्या जागी चुकीचा टाका

गळ्याच्या आणि मनगटाच्या रिबवर, म्हणजे ताणल्या जाणाऱ्या पट्टीवर, उलटी टीप घालू नका; डोकं घालताना दोरा तुटतो, नाहीतर गळा आवळतो. तिथे सैल साखळी टाका बरा. भरीव टाका 7-8 मिलिमीटरपेक्षा लांब गेला की बांगडीत अडकतो.

रुपयाएवढ्या गोल डागावर गाठीच्या टाक्यांनी द्राक्षाचा घड उत्तम बसतो. फक्त गाठ विणीतून मागे निसटते. म्हणून सुई वर आली त्याच भोकात परत घालू नका, लोकरीचा निदान अर्धा धागा मध्ये धरा. तीन पदरी दोरा, दोन वेढे पुरतात. आणि एकच घड डागावर टाकला की तो झाकण्यासाठीच आहे, हे लांबून कळतं. खांद्याजवळ आणि खाली आणखी दोन घाला.

चौकटी कागदावरून नक्षी उतरवणं

येवल्याच्या पैठणीतली मुनिया (पोपटाची नक्षी) किंवा कमळ चौकटीच्या कागदावर काढून विणीवर वीण घालत उतरवायचा मोह होतो. पण विणीचं घर, म्हणजे 'व्ही'सारखा दिसणारा एक टाका, चौरस नसतं, रुंद जास्त आणि उंच कमी असतं. समजा 10 सेंटीमीटरमध्ये 20 घरं आणि 28 ओळी बसतात. कागदावरची 20 बाय 20 चौकटींची मुनिया स्वेटरवर 10 सेंटीमीटर रुंद आणि जेमतेम 7 सेंटीमीटर उंच होते. पोपट बसका, बदकासारखा दिसतो. आधी स्वेटरवर पट्टी ठेवून घरं आणि ओळी मोजा आणि त्या प्रमाणात कागदावर ओळी वाढवा. इथे 20 च्या जागी 28.

टाका असा: विणीच्या 'व्ही'च्या तळातून सुई वर, वरच्या घराच्या दोन्ही पायांमागून आडवी, आणि परत त्याच तळात खाली. दोरा खालच्या लोकरीएवढाच जाड हवा. बारीक असेल तर टाक्यांमधून डाग डोकावतो.

धुताना

स्वेटर उलटा करून थंड पाण्यात बुडवा, पिळू नका, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा. दोरीवर टांगला तर ओलं भरतकाम वजनाने खाली ओढतं आणि वीण लांबते. खाटेवर पसरून सावलीत वाळवा. इस्त्री उलट्या बाजूने, खाली जाड टॉवेल घालून, म्हणजे गाठी चपट्या होत नाहीत.