पुण्यात गुलाब कसा लावावा आणि कधी छाटावा

रोज निदान सहा तास ऊन मिळणार नसेल, तर गुलाबाचा हट्ट धरू नका. सावलीत तो जगतो, फुलत नाही.

लावणी सोपी आहे. दीड फूट लांब-रुंद-खोल खड्डा घ्या. निम्मी माती, निम्मं चांगलं कुजलेलं शेणखत आणि दोन मुठी निंबोळी पेंड एकत्र करून तो भरा. काळ्या मातीत पाणी साचतं, म्हणून तिथे वाफा वीतभर उंच हवाच. कलमाची गाठ, म्हणजे रानटी खुंटावर चांगली जात जोडलेली फुगीर जागा, मातीच्या वर दोन बोटं राहू द्या आणि तिच्यावर प्लॅस्टिकची पट्टी असेल तर सोडवा. दोन झाडांत अडीच फूट अंतर ठेवा.

खरी गडबड होते ती छाटणीत. ‘गणपती उठले की कात्री लावा’ हा सल्ला पुण्यात झाडं मारतो. सप्टेंबरात परतीचा पाऊस बाकी असतो. ताज्या कापावर पाणी बसलं की बुरशी शिरते आणि फांदी टोकाकडून काळी पडत खाली वाळत येते, यालाच डायबॅक म्हणतात. पाऊस गेला, सलग चार-पाच दिवस कोरडे मिळाले, की मगच कात्री लावा. साधारण ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा. तिथून 45 ते 50 दिवसांत फुलं येतात. एम्प्रेस गार्डनच्या जानेवारीतल्या पुष्पप्रदर्शनात फुलं मांडायची असतील, तर काही झाडं डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यासाठी राखून ठेवा. थंडीत कळीला चार-आठ दिवस जास्त लागतात, हेही धरून चाला.

कात्री धारदार हवी आणि प्रत्येक झाडानंतर स्पिरिटने पुसायला हवी. बोथट कात्री फांदी कापत नाही, चेचते. आधी वाळक्या, काडीसारख्या बारीक आणि आत वळून एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या मुळापासून काढा. मोठ्या फुलांच्या जातींत, म्हणजे ग्लॅडिएटर, डबल डिलाइट वगैरे, चार-पाच जोमदार फांद्या ठेवून त्या जमिनीपासून दीड ते दोन फुटांवर कापा. मिनिएचरला, म्हणजे बुटक्या, छोट्या फुलांच्या जातींना, एवढं कापू नका, वरचा एक तृतीयांश भाग पुरे.

कापायच्या जागी थांबा आणि डोळा शोधा. पान जिथे फांदीला चिकटलेलं असतं, त्याच्या बगलेतला तांबूस फुगीर ठिपका म्हणजे डोळा. झाडाच्या बाहेरच्या बाजूचा डोळा निवडा आणि त्याच्या वर अर्धा सेंटीमीटर सोडून, उतार डोळ्याच्या उलट दिशेला येईल असा तिरका काप द्या. फार वर कापलं तर उरलेला खुंट वाळतो, चिकटून कापलं तर डोळाच सुकतो. आता कापाकडे नीट पाहा. मधला गाभा पांढरा असेल तर झालं. तपकिरी दिसला तर एक डोळा खाली जा, पुन्हा पाहा, पांढरा लागेपर्यंत कापा. फांदी वीतभरच उरली तरी चालेल. ‘एवढी लांब फांदी वाया जाते’ म्हणून तपकिरी गाभा ठेवलात, तर संपूर्ण झाड जाऊ शकतं. सगळ्या कापांना लगेच कॉपर ऑक्सिक्लोराइड या बुरशीनाशकाची पाण्यात कालवलेली घट्ट पेस्ट लावा.

छाटल्यावर मुळं उघडी करून आठवडाभर उन्हात ठेवायला सांगतात. ऑक्टोबरच्या उन्हात ते करूच नका, कुंडीत तर नाहीच. वरची दोन इंच माती हलकी करा, एक घमेलं शेणखत पसरा, बस. रासायनिक खत फुटवा दोन इंचाचा झाल्यावर.

कलमाच्या गाठीच्या खालून येणारा फुटवा रानटी खुंटाचा असतो. तो वरून कापला की दुप्पट जोमाने येतो. माती बाजूला करून उगमापाशी ओढून उपटा. सात पानांचा म्हणजे रानटी, असं समजू नका. चांगल्या जातींनाही एका देठावर सात पर्णिका, म्हणजे छोटी पानं, येतात, त्यामुळे तो कुठून निघालाय तेच बघायचं.

बाकी वर्षभर: पावसाळ्यात काळे ठिपके पडलेली पानं झाडाखालून रोज उचला. डिसेंबरात भुरी, म्हणजे पानांवरची पांढरी पिठासारखी बुरशी, दिसली की पाण्यात विरघळणारं गंधक दोन ग्रॅम लिटरला, तेही संध्याकाळी. मार्च ते मे पानांच्या मागे लाल कोळी ही अगदी बारीक कीड बसते. सकाळी पाइपचा जोरदार फवारा पानांच्या खालच्या बाजूने मारा, दर तीन दिवसांनी. उन्हाळ्यात छाटणी करू नका, फक्त सुकलेली फुलं खालच्या पहिल्या पाच पर्णिकांच्या पानापर्यंत खुडा.