महाडीबीटीचा फॉर्म भरताय? आधी एवढं बघा

‘इंजिनिअरिंगला नंबर तर लागू दे, स्कॉलरशिपचं मग बघू,’ असं घरात म्हणतात तिथेच पहिली चूक होते. महाडीबीटी, म्हणजे राज्य सरकारचं शिष्यवृत्तीचं पोर्टल. त्यावरची राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, जिला सगळे अजून ईबीसी (आर्थिकदृष्ट्या मागास) म्हणतात, ती कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, प्रवेश घेतला तरच मिळते. मॅनेजमेंट कोट्यातून गेलात, तर घरचं उत्पन्न लाखभर असलं तरी अर्ज चालत नाही. त्यामुळे फी माफीचा विचार कॉलेजांच्या पसंतीचा ऑप्शन फॉर्म भरतानाच करा.

मग उत्पन्नाचा दाखला. तो तहसीलदारांचाच लागतो आणि मागच्या आर्थिक वर्षाचा लागतो. गेल्या वर्षी काढलेला जुना दाखला घरात पडलाय म्हणून तोच जोडू नका. ईबीसीला मर्यादा ८ लाखांची, आणि तीही आई-वडील दोघांचं मिळून. त्या आत असलेल्या मुलाची निम्मी ट्यूशन फी सरकार भरतं. हजार रुपयांनी मर्यादा ओलांडली तर मात्र काहीच नाही; थोडं जास्त उत्पन्न, थोडी कमी सवलत असा हिशोब इथे नसतो. मला ही अट आडमुठी वाटते, पण आहे ती आहे. ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) आणि ओबीसी मुलींना याच मर्यादेत, कॅपमधून व्यावसायिक अभ्यासक्रमाला गेल्यास, २०२४-२५ पासून ट्यूशन आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी रेषा अडीच लाखांची. तिच्या आत निर्वाह भत्त्यासह शिष्यवृत्ती, वर गेलात तर फ्रीशिप, म्हणजे फक्त फीची सोय.

डोमिसाईल, रेशनकार्ड, मार्कशीट स्कॅन करून ठेवा. ईबीसीचा लाभ एका घरातल्या दोनच मुलांना मिळतो, आणि शिक्षणात दोन वर्षांपेक्षा जास्त गॅप चालत नाही.

आता बँक. माझ्या भाच्याचा अर्ज मंजूर झाला, पण पैसे काही खात्यात दिसेनात. महिनाभर कॉलेजच्या चकरा मारल्यावर उलगडा झाला. आठवीत शाळेने उघडून दिलेलं एक खातं होतं, पासबुकाचं प्लास्टिकही न काढलेलं. आधार त्यालाच जोडलेलं, म्हणून पैसे तिकडे गेले. पैसे आधारशी शेवटी जोडलेल्या खात्यात जातात, तुमच्या रोजच्या वापरातलं खातं कुठलं याच्याशी त्याला देणंघेणं नाही. कुठल्या आधारला कुठलं खातं जोडलंय याची नोंद एनपीसीआय ही संस्था ठेवते, म्हणून फॉर्म भरण्याआधी बँकेत जाऊन ‘एनपीसीआयला कुठलं खातं मॅप आहे?’ असं नेमकं विचारा. नुसतं ‘आधार लिंक आहे का?’ विचारलंत तर ‘हो’ म्हणून मोकळे होतील.

सबमिट केल्यावर प्रिंट आणि कागद कॉलेजच्या स्कॉलरशिप खिडकीवर द्या. अर्ज आधी कॉलेज तपासतं, मग विभाग. आठवड्यातून एकदा लॉगिन करून बघत जा. त्रुटी काढून अर्ज परत पाठवला असेल, तर मुदतीत दुरुस्त करून पुन्हा सबमिट करावा लागतो. पुढच्या वर्षी रिन्युअल याच लॉगिनवरून करायचं, तेव्हा पासवर्ड कुठेतरी लिहून ठेवा.