कॉम्प्लेक्सिटी शिकायची असेल तर लॉजिक सोडू नका

आपल्याकडे नागपुरात बहुतेकांना लॉजिक भेटतं ते डिस्क्रीट मॅथ्सच्या एका युनिटमध्ये. पेपर झाला की ते मागे पडतं आणि थिअरी ऑफ कॉम्प्युटेशनला आपण नव्याने सुरुवात करतो. मला कॉम्प्लेक्सिटीची, म्हणजे कुठला प्रश्न सोडवायला किती वेळ आणि जागा लागते या विषयाची, खरी ओढ लागली ती दोन्ही एकत्र वाचायला लागल्यावर, म्हणून नव्यांनाही तसंच सुचवते.

एनपी म्हणजे उत्तर हाती दिलं तर ते बरोबर आहे का हे झटपट तपासता येतं असे प्रश्न; त्यांतले सगळ्यात अवघड ते एनपी-कम्प्लीट. १९७१ मध्ये स्टीफन कुक यांनी एनपी-कम्प्लीट ठरवलेला पहिला प्रश्न लॉजिकचाच होता: चलांना खरं-खोटं अशा किमती देऊन दिलेलं सूत्र खरं करता येईल का? पुढच्याच वर्षी रिचर्ड कार्प यांनी अशा २१ प्रश्नांची यादी दिली. एवढं सगळ्यांनाच शिकवतात. त्यापुढचं मात्र सहसा राहून जातं.

नागपूरचा नकाशा घ्या. धरमपेठ, बर्डी, महाल, इतवारी, सदर अशा सगळ्या वस्त्या तीन रंगांत रंगवायच्या आहेत, पण हद्दीला हद्द लागलेल्या दोन वस्त्यांचा रंग एक नको. जमेल का? मशीन, टेप, वेळ यांचं नावही न काढता हा प्रश्न एका वाक्यात लिहिता येतो: ‘असे तीन संच आहेत की प्रत्येक वस्ती त्यांपैकी एकात आहे आणि शेजारच्या कुठल्याही दोन वस्त्या एकाच संचात नाहीत.’ ‘असे संच आहेत’ हा भाग सेकंड-ऑर्डर (अख्ख्या संचांबद्दल बोलणारा), पुढचं सगळं फर्स्ट-ऑर्डर (एकेका वस्तीबद्दल बोलणारं). रोनाल्ड फेगिन यांचं १९७४ मध्ये प्रसिद्ध झालेलं प्रमेय सांगतं की या घाटणीच्या वाक्यांत (संचांच्या जागी संबंधही चालतात) जे मांडता येतं, नेमकं तेच एनपी. गणनवेळेचा उल्लेखही नसलेली एनपीची व्याख्या! याची सिद्धता सावकाश, स्वतःच्या हाताने लिहून काढा. घाई इथे अजिबात करू नका.

पी या वर्गासाठी, म्हणजे झटपट सोडवता येणाऱ्या प्रश्नांसाठी, इमरमन आणि वार्डी यांनी १९८२ मध्ये असंच उत्तर दिलं, पण त्यात घटकांना क्रम लावलेला असावा लागतो. क्रम नसेल तर पी नेमका पकडणारं लॉजिक आहे का, हा प्रश्न आजही सुटलेला नाही.

अभ्यासाला जोडीदार शोधाच. एरेनफॉइख्ट-फ्रेसे खेळ दोघांनी मिळून खेळायचा असतो (एक जण दोन रचनांतला फरक दाखवू बघतो, दुसरा तो लपवतो) आणि अमुक गोष्ट फर्स्ट-ऑर्डरमध्ये मांडता येत नाही हे दाखवायचं मुख्य हत्यार तोच. आम्ही मैत्रिणी बर्डीजवळच्या अभ्यासिकेबाहेर चहा घेत वहीवर ठिपके काढून खेळायचो. लॉजिकच्या जुन्या पुस्तकांतलं कॉम्पॅक्टनेस (वाक्यांचा प्रत्येक सांत गट एखाद्या रचनेत खरा होत असेल तर सगळी वाक्यंही एकाच रचनेत खरी होतात, हे प्रमेय) सांत, म्हणजे मोजक्या घटकांच्या, रचनांवर चालत नाही, म्हणून हा खेळ अंगवळणी पडणं फार गरजेचं आहे.

गेटच्या तयारीने वेग येतो, सिद्धता लिहिण्याची सवय वेगळी लावावी लागते. टीआयएफआर आणि चेन्नईच्या सीएमआयच्या प्रवेश परीक्षांचे जुने पेपर त्यासाठी उत्तम. बीएस्सी गणितवाल्यांनी तर बिचकूच नये.

सुरुवातीला हे करून बघा: ‘महालातून सदरला पोचता येत नाही’ हे फेगिनच्या घाटणीत लिहा. एकच संच पुरतो. मग ‘पोचता येतं’ हे लिहायला बसा, तिथे संध्याकाळ जाईल.