ला होयात कयाकवरून मासेमारी: या चुका टाळा

कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगोच्या ला होया शोअर्स या किनाऱ्यावर अवेनिदा दे ला प्लाया हा रस्ता संपतो, तिथे गाडी थेट वाळूवर नेता येते. शनिवारी पहाटे साडेपाचला तिथे उभं राहिलं की दर आठवड्याला तोच खेळ. नवा कोरा कयाक (वल्हवायची छोटी होडी), त्यावर चार रॉड, फिश फाइंडर, कॅमेरा. चाकू नाही, बर्फ नाही. आणि पहिला प्रश्न, "काका, शार्क भेटेल का?"

भेटेल की. तू पाण्यात काय सोडणार आहेस, ते आधी सांग.

माझं गरवणं सुरू झालं ते मालवणच्या खडपांवर. तिथे पोहणारे म्हणजे आम्हीच चार पोरं, त्यामुळे कुणाची अडचण नव्हती. ला होयात रोज सकाळी कोव्ह या छोट्या खाडीकडून शोअर्सकडे पोहणाऱ्यांची रांग लागलेली असते. खाली डायव्हर, उन्हाळ्यात कमरेएवढ्या पाण्यात लेपर्ड शार्क, खडकांवर सीलसारखे दिसणारे सी लायन. या गर्दीत धारदार वस्तू घेऊन शिरणारे आपणच.

निघता निघताच गळ सोडणे

वाळूवरून कयाक ढकलला की तुम्ही मातलाहुआयल राखीव क्षेत्रात असता. तिथे मासेमारी पूर्ण बंद. नुसतं वल्हवत पार व्हायला हरकत नाही, पण गळ पाण्यात नको. "जाता जाता मागे सोडून ठेवला होता" हे मत्स्य-वन्यजीव खात्याच्या माणसाला सांगून बघा. उत्तरेला लागूनच दुसरं क्षेत्र आहे, तिथे बांगडा-तारलीसारखे थोडेच मासे गळाने धरता येतात. दोन्हींच्या हद्दी फोनच्या नकाशात टाकून ठेवा. मी तर केल्पचं, म्हणजे उंच समुद्री शेवाळाचं, जंगल लागेपर्यंत रॉडला गळच बांधत नाही. दहा मिनिटं जातात, पण पोहणाऱ्यांची गर्दी याच पट्ट्यात असते, तेव्हा गेली तर जाऊ देत.

मासे दोरीला ओवून पाण्यात सोडणे

ही माझी आवडती चूक. म्हणजे सगळ्यात जास्त डोक्यात जाणारी.

काही वर्षांपूर्वी पुण्याचा एक मुलगा माझ्याबरोबर आला होता. हुशार, कामसू, फक्त घाई फार. मी बर्फाची पिशवी आण म्हणून तीनदा सांगितलं. "काका, यूट्यूबवर सगळे दोरीलाच लावतात, ताजे राहतात." तळ्यात लावत असतील. त्याला दोन बोनिटो मिळाले, आपल्या कुप्याच्या जातकुळीतला, रक्ताने गच्च भरलेला मासा. त्याने कल्ले कापले, दोरी कयाकच्या बाजूच्या कडीला बांधली आणि मासे पाण्यात सोडले. मी पुढे होतो, मला पत्ता नाही.

परतताना अकरा वाजले होते. मागून ओरडणं ऐकू आलं म्हणून वळून पाहिलं, तर त्याचा कयाक एका बाजूला झुकून गोल फिरत होता. सी लायनने खालचा बोनिटो धरला होता आणि मानेला हिसके देत होता. तिसऱ्या हिसक्याला पोरगा पाण्यात. दोन्ही रॉड बांधलेले नव्हते, ते तळाला. लाइफ जॅकेट तेवढं अंगात होतं, कारण त्याशिवाय मी कुणाला बरोबर नेत नाही.

मला लागलं ते यानंतरचं. आम्ही त्याला वर चढवत होतो, तेवढ्यात केशरी टोपी घातलेल्या एक साठीच्या बाई पोहत आल्या आणि थांबल्या. उरलेल्या अर्ध्या माशातून पाण्यात लालसर ढग पसरत होता. त्या आधी घाबरल्या, कुणाला लागलंय असं वाटून. "हे रक्त कुणाचं?" मी म्हटलं, माशाचं. त्या काही बोलल्या नाहीत. वळल्या आणि किनाऱ्याकडे पोहत गेल्या. त्यांच्यामागून आणखी चार-पाच टोप्या वळल्या. रविवारची सकाळ होती त्यांची.

तेव्हापासून माझी रीत ठरलेली आहे. मासा आला की डोक्यात एक टोला, कल्ले कापायचे ते जाड पिशवीत बर्फाच्या पाण्यातच, आणि चेन बंद. एक थेंब बाहेर नाही. साफ करायचं घरी. ते पाणी मी बाथरूममध्ये ओततो, त्यावरून घरात जे बोलणं खावं लागतं ते खातो. डोकी तर फेकायचा प्रश्नच नाही, त्यांचं तिरफळ घातलेलं सार होतं.

तंगूस (गळाची नायलॉनची दोरी) न कापणे

५ जुलै २०१४. लॉस एंजेलिसजवळच्या मॅनहॅटन बीचच्या धक्क्यावरून एका गरवणाऱ्याच्या गळाला ग्रेट व्हाइट शार्क लागला, सातेक फुटांचा, म्हणजे अजून पोरवयाचाच. तो माणूस अर्धा तास तरी त्याच्याशी ओढाताण करत राहिला. धक्क्याजवळून पोहणाऱ्यांचा एक गट चालला होता. चवताळलेला शार्क त्यातल्या एकाच्या छातीला चावला. माणूस वाचला. पुढे महिनोन्‌महिने वाद चालला तो धक्क्यावर मासेमारी राहू द्यायची की नाही यावर.

मोठं काही लागलं की आपल्यालाही तोच मोह होतो. एकदा तरी पाहू, एक फोटो घेऊ. कयाकवर तर मासाच तुम्हाला ओढत नेतो, आणि अर्ध्या तासात तुम्ही पोहणाऱ्यांच्या वाटेवर कधी पोचलात हे कळतही नाही. माझा हिशेब सोपा आहे: टोपी दिसली की चाकू. मासा कोणता, केवढा, हे विचारायचं नाही. एकदा तीस पौंडी तंगुसाला काहीतरी जड लागलं आणि सरळ किनाऱ्याच्या दिशेने सुटलं. मी पाच मिनिटांत कापून टाकलं. तो बॅट रे (पाकटाचा एक प्रकार) होता की सेव्हनगिल शार्क, आजवर ठाऊक नाही. बरोबरचे दोघे अजून चिडवतात.

चाकू जॅकेटलाच बांधलेला हवा. डब्यात ठेवलेला चाकू वेळेला सापडत नाही. गळ साध्या लोखंडाचे घ्या, स्टेनलेसचे नकोत. तोंडात राहिला तर गंजून पडतो. आणि ग्रेट व्हाइट तर कॅलिफोर्नियात १९९४ पासून संरक्षित आहे, मुद्दाम धरायचाच नाही आणि चुकून लागला तर लगेच सोडायचा.

पाण्यात माशांचा चुरा टाकणे

"आज शार्क दिसत नाहीत, थोडा चुरा टाकतो." दिसत नाहीत म्हणजे नाहीत असं थोडंच असतं? लाँग बीचच्या विद्यापीठाच्या शार्क लॅबने २०१९ ते २०२१ मध्ये दक्षिण कॅलिफोर्नियाच्या २६ किनाऱ्यांवर ड्रोन उडवले. लहान ग्रेट व्हाइट जिथे जमतात अशा दोन जागांवर, त्यातली एक आपल्या शेजारचं टोरी पाइन्स, पाहणीच्या ९७ टक्के दिवशी शार्क आणि माणसं एकाच पाण्यात होती. माणसांना गंधवार्ता नव्हती आणि शार्कही आपल्या वाटेने जात होते. त्यांना आमंत्रण द्यायची गरज काय? १ जानेवारी २०२३ पासून कायदाही आहे: ग्रेट व्हाइट दिसत असेल किंवा असल्याचं माहीत असेल, तर किनाऱ्यापासून एक सागरी मैलाच्या आत शार्कचं आमिष किंवा चुरा टाकणं गुन्हा.

बाकीच्या, पटापट

लाटांवरून थेट पोहणाऱ्यांमध्ये उतरू नका. लाटेने आडवा फिरवलेला भरलेला कयाक म्हणजे सुटलेला ओंडका. माझ्या डोळ्यांदेखत लोकांना लागलंय ते कयाकचं, शार्कचं एकदाही नाही. लाटांच्या बाहेर थांबा, मोकळी जागा दिसेपर्यंत थांबा, कंटाळा आला तरी थांबा.

लेपर्ड शार्क कुणाला काही करत नाही. उथळ गरम पाण्यात जमणाऱ्या बहुतेक गाभण माद्या असतात. बाहेर गळाला लागला आणि ३६ इंचांहून मोठा असला, तर नियमाने ठेवता येतो. मी ठेवत नाही. मोरीचं, म्हणजे छोट्या शार्कचं, मटण मला प्रिय आहे, तरी नाही.

शार्क दिसला म्हणून व्हिडिओसाठी त्याच्या मागे वल्हवत जाऊ नका. तो तुम्हाला चुकवायला वळेल तो पोहणाऱ्यांच्या बाजूला.

मोठा शार्क पाहिला तर लाइफगार्डला सांगा. २ जून २०२४ ला जवळच डेल मारला सराव करणाऱ्या गटातल्या एका पोहणाऱ्याला शार्क चावला. त्यात गरवणाऱ्यांचा काही संबंध नव्हता, पण किनारा दोन दिवस बंद ठेवावा लागला. आपण बाहेर असतो, आपल्याला आधी दिसतं. फक्त टॉवरवर जाऊन "खूप मोठा होता हो" म्हणू नका, गरवणाऱ्याचं "मोठा" कुणी मोजत नाही. किती वाजता, कुठल्या बाजूला, कुठे चालला होता, आणि तुमच्या कयाकच्या किती पट, एवढं सांगा. माझा बारा फुटी आहे. गेल्या वेळी मी "कयाकच्या निम्मा, उत्तरेकडे" एवढंच म्हणालो, टॉवरवरच्या लाइफगार्ड मुलीने लगेच वॉकी-टॉकी उचलला.