रेडिओ स्कॅनरचा अँटेना बदलायचाय? दुकानात जायच्या आधी एवढं बघून ठेवा

आधी अँटेनाच गेलाय ना ते बघा, नाहीतर नवीन आणून पण खरखर तीच. नेहमीचं स्टेशन लावायचं आणि अँटेना बुडाशी धरून हळूच हलवायचा, आवाज येतो-जातो करत असेल तर कदाचित सेटच्या सॉकेटचं सोल्डर सुटलं असेल, मग काम अँटेनाचं नाहीच, रिपेअरवाल्याचं आहे. मल्टिमीटरवर मधली पिन आणि बाहेरची बॉडी शॉर्ट दाखवली म्हणून लगेच फेकू नका हां, काही अँटेनात कॉइलच तशी जोडलेली असते.

मग तुम्ही नक्की ऐकता काय ते कागदावर लिहा. मी हॅमवाला, म्हणजे हौशी रेडिओवाला, त्यामुळे 144 ते 146 मेगाहर्ट्झ, कधी 435 च्या आसपास आणि स्पेस स्टेशनवरून कोणी बोलणार असेल तर 145.800. (परवान्याशिवाय वायरलेस सेट बाळगायला आपल्याकडे 1933 च्या कायद्यापासूनच मनाई, त्यामुळे लायसन्स आधी, अँटेना नंतर.) हिशोब सोपाय, 7500 ला मेगाहर्ट्झने भागा, पाव वेव्हलेंग्थ, म्हणजे अँटेनाची लांबी, सेंटिमीटरमधे मिळते. 145 ला साधारण 52, 435 ला 17. सेटबरोबर येणारा बोटाएवढा रबरी अँटेना म्हणजे तीच तार स्प्रिंगसारखी गुंडाळून बसवलेली, खिशाला बरी, कानाला नाही. पाकिटावरच्या 'हाय गेन'कडे मी तरी बघतच नाही, टेप लावून लांबी बघतो. दोन्ही बँड ऐकायचे असतील तर टेलिस्कोपिक घ्या, हवा तेवढा ओढायचा.

आता कनेक्टर, इथेच सगळे आपटतात. बीएनसी असेल तर प्रश्नच नाही, दाबायचं, पाव फिरकी, बसलं. एसएमए असेल तर डोळ्याजवळ धरून बघा: सेटवर बाहेरून आटे आणि मधे भोक असेल तर अँटेनाला आतून आटे आणि मधे पिन पाहिजे. बऱ्याच स्वस्त चायनीज वॉकीटॉकींना बरोबर उलटं असतं. आणि वायफाय राउटरचे कनेक्टर दिसायला तसेच, पण पिन आणि भोक यांची अदलाबदल. मी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून असाच एक अडॅप्टर आणला, आटे मस्त बसले, घट्टही झाला, आणि तासभर सेटला शिव्या घालत बसलो, शेवटी टॉर्च मारून बघितलं तर भोकासमोर भोक, मधलं काही टेकतच नव्हतं. दुकानदाराने 'सगळ्याला चालतो साहेब' म्हणून दिला होता.

लांब टेलिस्कोपिक एसएमएवर लावणार असाल तर जरा जपून, एक धक्का बसला की सॉकेटच वाकतं. एफएमचा टॉवर जवळ असेल तर मोठ्या अँटेनाने मधेच गाणी घुसतात, तेव्हा सेटवर एटीटीचं (सिग्नल कमी करायचं) बटण आहे का ते आत्ताच शोधून ठेवा. आणि स्पेस स्टेशन डोक्यावर आलं की अँटेना उभा नाही, आडवा धरायचा, टोकाच्या दिशेला त्याला जवळपास ऐकूच येत नाही.

निघताना पिशवीत सेट, चार्ज केलेले सेल, जुना अँटेना, टेप, इअरफोन. दुकानात जुना लावून एक स्टेशन ऐका, मग नवा लावून तेच, आणि पैसे त्यानंतर काढा.