थंडीत कार्प धरायचा तर काठी सोडा, गळाची बांधणी बघा

पौषात धुळ्याचा पारा सहा-सात अंशांवर उतरतो आणि धरणाच्या काठावर दरवर्षी तेच चित्र दिसतं. नवीकोरी काठी, चकचकीत रीळ, पहाटे पाचपासून कानटोपी घालून कुडकुडत बसलेला माणूस, आणि दुपारी रिकामी पिशवी. पहाटे जायचा सल्ला उन्हाळ्यातला. माशाचं अंग पाण्याइतकंच गार असतं, गारठ्यात त्याचं पचन मंदावतं, भूक मरते. डिसेंबर-जानेवारीत घरून चहा-नाश्ता करून निघा, अकरा ते चार बसा. वारा न लागणारा, ऊन खाणारा काठ धरा आणि जिथून पाणी लवकर खोल होतं तिथे गळ टाका.

रोहू, कटला, मृगळ हे उबेचे मासे, थंडीत त्यांच्यामागे लागू नका. या दिवसांत खात राहतो तो कॉमन कार्प, बाजारात ज्याला सायप्रिनस म्हणतात तो. तोंडाशी मिशांच्या दोन जोड्या, आणि तळाचा गाळ उकरत खाण्याची सवय. म्हणजे आमिष तळाशीच हवं. धरणातली मासेमारी बहुतेक ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थेकडे ठेक्याने असते, तेव्हा आधी त्यांची परवानगी घ्या.

आता सामान. काठी दहा ते बारा फुटांची, वाकणारी. रीळ चार हजार नंबरचं पुरे. तंगूस, म्हणजे रिळावरची दोरी, साधा नायलॉनचाच, 0.30 मिलीमीटरचा, विणलेली दोरी ताणली जात नाही, काठाजवळ माशाने हिसका दिला की गळ निसटतो. गारठ्यात तंगूस ताठ होतो, रिळावरून स्प्रिंगसारखा उसळतो, म्हणून रिळावरचा तंगूस आदल्या रात्री पाण्यात भिजवून ठेवा. शिसं साठ ग्रॅमचं, मधून आरपार भोक असलेलं, तंगूसात मोकळं ओवायचं. गळ थंडीत आठ किंवा दहा नंबरचा. नंबर वाढला की गळ लहान होतो, हे दुकानातल्या पोऱ्यालाही माहीत नसतं. मला एकदा ‘मोठा मासा, मोठा नंबर’ म्हणत पाकीटभर चिमुकले गळ गळ्यात मारले होते.

एवढं सगळं कोणालाही जमतं. मी दोन हिवाळे घालवले ते शेवटच्या वीतभर दोरीत.

पहिल्या हिवाळ्यात मी सगळ्यांसारखा कणकेचा गोळा गळावर थापायचो. टोक आत, काटा आत, सगळं झाकलेलं. काठावर जाळी विणत बसणारे एक आबा बघून हसायचे. म्हणाले, “मासा काय येडा शे का?” मला वाटलं, गळ नीट झाकला नाही असं म्हणताहेत, म्हणून आणखी कणीक थापली. त्यांचं म्हणणं उलटं होतं. कार्प घास एकदम गिळत नाही. आमिष तोंडात ओढतो, चाचपतो, नको वाटलं की फुंकून बाहेर टाकतो. गार पाण्यात कणीक घट्ट होते, टोक तिच्यातच अडकून राहतं आणि गोळा गळासकट बाहेर येतो.

उपाय म्हणजे हेअर रिग. 1980 च्या आसपास इंग्लंडमधल्या गळकऱ्यांनी काढलेली ही युक्ती. आमिष गळावर लावायचंच नाही. गळाच्या मागे केसासारखी बारीक दोरी सोडायची आणि आमिष तिच्यात ओवायचं. गळ उघडा राहतो, आणि मासा थुंकायला गेला की टोक खालच्या ओठात रुततं.

बांधणी अशी. वीतभर मऊ विणलेली बारीक दोरी घ्या (इथे ती चालते, कारण वर नायलॉन ताण घेतो). टोकाला छोटा फास करा. सुईने शिजवलेला हरभरा किंवा मक्याचा दाणा ओवा, फासात काडीचा तुकडा अडकवा म्हणजे दाणा निसटणार नाही. आता दोरीचं लांब टोक गळाच्या नेढ्यातून ओवा: मागून, म्हणजे गळाच्या टोकाच्या विरुद्ध बाजूने. दाणा आणि गळाच्या वाकणात अर्धा सेंटिमीटर अंतर राहील इतकंच ओढा. तो केस दांडीला चिकटून धरा आणि लांब टोकाने नेढ्यापासून खाली सात-आठ वेढे द्या, एकाला एक खेटून. मग तेच टोक पुन्हा नेढ्यातून काढा.

थांबा. माझा दुसरा हिवाळा इथे गेला. हा शेवटचा फेराही मागूनच पुढे यायला हवा, दोरी टोकाच्या बाजूने बाहेर पडली पाहिजे. मी समोरून मागे घालायचो. दिसायला गाठ तशीच, पण ओढल्यावर गळ वळायचाच नाही. नुसता सरळ सरकत तोंडातून बाहेर. काठीचं शेंडं हलायचं, मी ओढायचो, हाती फक्त ओला हरभरा. खात्री करायला पंजा पसरा आणि गळ तळहातावरून दोरीने हलकेच ओढा. टोक खाली वळून कातडीला बोचलं तरच पाण्यात टाका. न बोचणारी बांधणी कापून टाका, ‘चालेल’ म्हणू नका. गाठ आवळण्याआधी ओठांनी ओली करा.

हरभरा रात्रभर भिजवून, नखाने दबेल पण फुटणार नाही इतका शिजवा. भोवती टाकायचा चारा थंडीत मूठभरच, पोट भरलेला मासा गळाकडे बघणार नाही. शेंगदाण्याची पेंड कमी घ्या, गारठ्यात तेल दाट होतं आणि वास नीट पसरत नाही. ज्वारीचं पीठ, जास्त पिकून साल काळी पडलेलं केळं, चिमूटभर बडीशेप पूड एवढं पुरतं. गोळा फ्रीजमधल्या गार पाण्याच्या पेल्यात टाकून बघा, वीस मिनिटांत कडा विरघळू लागल्या तर बरोबर.

काठीच्या शेंड्याला बांधलेल्या घुंगरावर विसंबू नका, थंडीतली ओढ त्याला हलवत नाही. रीळ आणि पहिल्या कडीच्या मधल्या तंगूसावर कणकेची गोळी लोंबकळत ठेवा. ती बोटभर वर सरकली की काठी उचला, हिसका नको. रिळाचा ड्रॅग, म्हणजे जोराची ओढ लागली की दोरी सुटू देणारा ब्रेक, तंगूसाच्या ताकदीच्या पावपट. सहा किलोचा तंगूस असेल तर स्प्रिंगकाट्यावर दीड किलोला दोरी सुटली पाहिजे. मासा हातजाळ्यात घ्या, हात ओले करून धरा.

आणि गळ काढण्याआधी तो कुठे लागलाय ते बघा. खालच्या ओठाच्या मधोमध असेल तर पुढचा केस तेवढाच ठेवा, कडेला जेमतेम टोचला असेल तर लांबी दोन-तीन मिलीमीटरने बदलून पुन्हा टाका.