दुखापत झालेल्या खेळाडूला कोर्टवर परत कसं आणायचं

पंधरा-सोळा वर्षांची, हातात खरोखर खेळ असलेली मुलगी घोटा धरून खाली बसली की बाकावरून पहिला प्रश्न येतो, “टीचर, सेमीफायनलला खेळेल ना?” घरच्यांचा प्रश्न गुणांचा असतो. गोवा बोर्डात खेळाचे गुण मिळतात, आणि दहावी-बारावीच्या वर्षी ते कुणाला सोडवत नाहीत. मी फोंड्यात मुलींना बास्केटबॉल शिकवते. या मुलींकडे बघून माझं मत पक्कं झालंय: चांगल्या खेळाडूचं पुढचं सगळं दुखापतीपेक्षा परत यायच्या तारखेवर जास्त अवलंबून असतं. ती तारीख पायाला विचारून ठरवायची. स्पर्धेचं वेळापत्रक बघून ठरवलीत तर एक सामना मिळेल आणि पुढची वर्षं जातील.

घोटा

आपल्या खेळात सगळ्यांत जास्त मुरगळतो तो घोटा. रिबाउंडची, म्हणजे हुकून परत आलेला चेंडू पकडायची, उडी मारून खाली येताना पाय दुसरीच्या बुटावर पडतो आणि पाऊल आत वळतं. लगेच कुणीतरी तेलाची बाटली घेऊन चोळायला बसतं. पहिले दोन-तीन दिवस चोळू नका, शेकूही नका. इलॅस्टिक बँडेज बांधा, पाय उशीवर उंच ठेवा, फडक्यात गुंडाळलेला बर्फ १५-२० मिनिटं लावा. आजीला आंबेहळदीचा लेप लावायचाच असेल तर लावू दे, फक्त गरम नको आणि रगडून नको.

एक्स-रे हवा का, हे ठरवताना डॉक्टर काही खुणा बघतात. त्या घरीही बघता येतात. चार पावलं टाकता येत नाहीत, घोट्याच्या आतल्या किंवा बाहेरच्या उंचवट्याच्या मागच्या कडेला हाड दाबलं की कळ येते, किंवा पावलाच्या बाहेरच्या कडेला मध्यावर हाड दुखतं. यांपैकी एक जरी असलं तरी त्याच दिवशी रुग्णालय गाठा. वाढत्या वयात हाडांच्या टोकांशी वाढीची कूर्चा असते आणि ती नाजूक असते, म्हणून लहान मुलींच्या बाबतीत “नुसतं लचकलंय” यावर मी विश्वास ठेवत नाही.

सूज उतरली की सगळे विसरून जातात. खरं काम तिथून पुढे आहे. एकदा मुरगळलेला घोटा पुन्हा मुरगळायची भीती मोठी, कारण तोल सांभाळण्याची त्याची जाण मंदावलेली असते. दात घासताना दुखऱ्या पायावर उभं राहायचं. ते जमलं की भिंतीजवळ, हाताशी आधार ठेवून, डोळे मिटून ३० सेकंद. मग एका पायावर टाच वर-खाली, निरोगी पायाइतकीच होईपर्यंत. पुढचा हंगाम लेसचा अँकल ब्रेस घालून खेळायचं. शाळकरी खेळाडूंत त्याने घोट्याच्या दुखापती कमी होतात हे अभ्यासांतून दिसलेलं आहे.

एनबीए, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमधल्या स्टीफन करीची गोष्ट मी दरवर्षी सांगते. २०११-१२ च्या ६६ सामन्यांच्या हंगामात घोट्यामुळे तो फक्त २६ सामने खेळला. उजव्या घोट्यावर दोन शस्त्रक्रिया झाल्या. २०१२ मध्ये त्याने चार वर्षांचा ४.४ कोटी डॉलर्सचा करार केला, आणि अशा घोट्यावर एवढा पैसा लावणं तेव्हा अनेकांना धाडसाचं वाटलं होतं. मग त्याने मांड्या आणि नितंबांचे स्नायू घडवले, म्हणजे थांबताना-वळताना सगळा भार घोट्यावर येईना. २०१५ आणि २०१६ मध्ये तो एनबीएचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. घोटा दुखतोय म्हणून नुसत्या घोट्याचाच व्यायाम करू नका, ते यासाठी.

गुडघा

इथे मात्र मी फार कडक आहे. एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आतला पुढचा लिगामेंट (हाडांना जोडून ठेवणारा पट्टा), बहुतेक वेळा कुणी न धडकताच तुटतो: धावता धावता थांबताना, वळताना, उडीवरून खाली येताना. मुलींमध्ये हे प्रमाण मुलांपेक्षा कितीतरी जास्त आहे. “आतून कट्ट वाजलं” असं ती म्हणाली आणि काही तासांत गुडघा टम्म फुगला, तर एसीएल गेला असं धरूनच ऑर्थोपेडिक डॉक्टरांकडे जा. एक्स-रेमध्ये लिगामेंट दिसत नाही. “एक्स-रे नॉर्मल आहे” म्हणून घरी परतू नका, एमआरआयबद्दल विचारा. खर्चाची धास्ती असेल तर गोवा सरकारच्या दीन दयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं (आरोग्य विम्याचं) कार्ड घेऊन चौकशी करा. तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि चार किंवा जास्त माणसांच्या कुटुंबाला चार लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. नेमका कुठला उपचार त्यात बसतो, हे तारीख घेण्याआधी तोंडी नको, लेखी विचारा.

शस्त्रक्रियेनंतर नऊ महिन्यांच्या आत सामना नाही. सहाव्या महिन्यात मुलगी पळायला लागते, हसते, घरचे म्हणतात बरी झाली. पंचविशीच्या आत पुन्हा खेळायला लागलेल्या खेळाडूंपैकी चार-पाचांतल्या एकीचा तोच किंवा दुसरा गुडघा पुन्हा जातो, आणि घाईने परतणाऱ्यांना हा धोका जास्त असतो. दुसऱ्यांदा तुटला की शाळेचं, कॉलेजचं, राज्याच्या संघाचं सगळंच हातून जातं.

नऊ महिने झाले म्हणजे झालं असंही नाही. फिजिओ ताकद मोजतीलच, आपण कोर्टवर खडूने मोजायचं. एका पायावर उभी राहून पुढे उडी मारायची, त्याच पायावर उतरून स्थिर राहायचं, अंतर मोजायचं. चांगल्या पायाची उडी १५० सेंटीमीटर असेल तर दुखऱ्याची निदान १३५ हवी. यात एक खोच आहे: घरी बसून चांगला पायही कमजोर होतो, म्हणून दोन्ही सारखे दिसतात आणि आपण फसतो. त्यासाठी शाळेचं नवं वर्ष सुरू झालं की संघातल्या सगळ्या मुलींच्या उड्या मोजून वहीत लिहून ठेवा. उतरताना गुडघा आत वळतोय का, तेही मोबाईलवर समोरून शूट करून बघा. वळत असेल तर अंतर कितीही असो, थांबा.

वाटीखालचं हाड दुखण्याची तक्रार तेरा-चौदाव्या वर्षी फार येते. ती बहुतेक वाढीची असते. उड्या कमी केल्या, मांडीचे व्यायाम केले की जाते. पावसात शेवाळलेल्या सिमेंटवर सराव नको, आणि चवथीच्या सुट्टीनंतर पहिल्याच दिवशी पूर्ण सामना खेळवू नका.

बसलेल्या काळात

घरी बसवलं की मुलगी मनाने खेळ सोडते, आणि ते मला लिगामेंटपेक्षा जास्त वाईट वाटतं. तिला रोज कोर्टवर बोलवा. डॉक्टरांची हरकत नसेल तर खुर्चीवर बसून जवळून शूटिंग करायला लावा, म्हणजे मनगट सुधारतं. कमजोर हाताने बसून ड्रिबल, म्हणजे चेंडू जमिनीवर आपटत राहणं. सामन्यात तिच्या हाती स्कोअरशीट द्या, आणि समोरचा संघ कुठल्या बाजूने जास्त चेंडू नेतो ते तिच्याकडून विचारून घ्या. माझ्याकडची एक पॉइंट गार्ड (चेंडू पुढे नेऊन खेळ रचणारी खेळाडू) गुडघ्यामुळे हंगामभर बाहेर होती. परतली तेव्हा ती आधीपेक्षा हळू धावत होती, पण पास एक क्षण आधी सुटायचा.

भविष्याचा अंदाज

प्रत्येक दुखापत भरून निघते असं मी सांगणार नाही. ग्रेग ओडन २००७ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनबीएचे संघ नवे खेळाडू निवडतात त्यात, पहिला निवडला गेला, केव्हिन ड्युरँटच्याही आधी. गुडघ्यांच्या शस्त्रक्रियांमुळे एनबीएत त्याचे सामने झाले १०५. गुडघ्याची कूर्चा झिजली की ती लिगामेंटसारखी नवी बसवून सोपेपणाने खेळता येत नाही. डेरिक रोझ २०११ मध्ये बावीसाव्या वर्षी सर्वोत्तम खेळाडू झाला आणि एप्रिल २०१२ मध्ये त्याचा एसीएल गेला. तो वेग पूर्वीसारखा परत आला नाही, तरी २०१८ मध्ये त्याने एका सामन्यात ५० गुण केले. म्हणून मुलीचा सगळा खेळ पहिल्या पावलाच्या वेगावर उभा असेल, तर दुखापत व्हायच्या आधीच तिला शूटिंग आणि पासिंग शिकवा. निवड समितीपुढे वेग कमी दिसला तरी दाखवायला काहीतरी राहतं.

परतल्यावर पहिल्या सामन्यात सात-आठ मिनिटं, तीही तुकड्यांनी. दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघ्याचा घेर टेपने मोजा आणि दुखणं दहापैकी किती ते वहीत लिहा. सूज नसेल तर पुढच्या सामन्यात दोन-तीन मिनिटं वाढवा. सूज असेल तर तो सामना सोडा, मग तो फायनल का असेना.